वस्त्र आणि नेसण : पैठणी, चिंधी आणि चंगळवादाचा प्रतिकार

१

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाची चर्चा मराठी समीक्षेत सुरू झाली, तेव्हा 'चंगळवाद' हा शब्द तिच्या हाती एखाद्या आयत्या हत्यारासारखा आला. हा शब्द 'उपभोगवाद' या शब्दाहून अधिक खोचक आहे. त्यात उपभोगाचे वर्णन तर आहेच, शिवाय त्यावर नैतिक निवाडाही आहे. या निवाड्यामागे मात्र एक गृहीतक दडलेले आहे आणि ते फारसे तपासले गेलेले नाही. महागडे, झगमगते, नवे वस्त्र म्हणजे चंगळ. साधे, जुने, विटलेले वस्त्र म्हणजे तिचा निषेध, असे ते गृहीतक होय. ग्रामीण कथेतील शहरी पाहुण्याचा पोशाख असो वा महानगरीय कवितेतील जाहिरातीचे चित्र असो, समीक्षक या द्वंद्वाच्या आधारे झटकन अर्थनिर्णयन करून मोकळा होतो.

प्रस्तुत लेखात या द्वंद्वाचाच फेरविचार करावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : वस्त्राची किंमत वा त्याचे वय यांवरून त्याचा सांस्कृतिक अर्थ ठरत नाही, तो ठरतो नेसणाऱ्याचे त्या वस्त्राशी जे नाते असते त्यावरून. मराठी भाषेने हे नाते सांगण्यासाठी स्वतंत्र क्रियापदे राखून ठेवली आहेत. साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, पागोटे बांधतात, दागिना लेतात. बाजारात मिळते ते वस्त्र. अंगावर घडते ती नेसण. रोलाँ बार्थ यांनी सोस्यूरच्या भाषाव्यवस्था आणि भाषण या भेदाच्या आधारे पोशाखाची संस्था आणि पेहरावाची व्यक्तिगत कृती यांत भेद केला, हे आपल्याला ठाऊक आहे. तोच भेद येथे मला अभिप्रेत आहे असे मात्र नाही. मराठीतील नेसण ही केवळ व्यक्तिगत कृती नाही. जात, प्रदेश आणि लिंगभाव यांनी घालून दिलेला तो नियमही आहे, आणि त्या नियमाचा भंगही नेसणीतूनच करता येतो.

हा प्रश्न मला अभ्यासिकेतून सुचला असला, तरी त्याला एक भूगोल आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैठण तालुक्यात चितेगाव आहे. या रस्त्याच्या एका टोकाला हिमरूचे शहर, दुसऱ्या टोकाला पैठणीचे गाव. आणि मध्ये चितेगाव, जेथे व्हिडिओकॉनच्या कारखान्यात रंगीत दूरचित्रवाणी संच आणि इतर गृहोपयोगी उपकरणे तयार होत. २०१८ मध्ये त्या कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ज्या पडद्यावरून पैठणी पुढे घरोघर पोहोचली, तो पडदा घडविणारे एक गाव पैठणच्याच वाटेवर असावे, हा योगायोग खरा. पण विचार करावयास लावणारा योगायोग आहे.

२

आधी पैठणीविषयी. पैठणीचे नाते सातवाहनकाळाशी जोडण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यासाठी 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनाचा हवाला हमखास दिला जातो. त्या ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे, हे खरेच. परंतु पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालात त्याने नोंदविले आहेत ते मौल्यवान खडे. कापडाचा उल्लेख येतो तो तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या ठिकाणाच्या संदर्भात. आणि त्या कापडातही मलमलीच्या बरोबरीने साधे, सामान्य प्रतीचे कापड मोठ्या प्रमाणावर होते. म्हणजे ज्या साधनाचा आधार आपण राजवस्त्राच्या प्राचीनतेसाठी घेतो, ते साधन प्रत्यक्षात जाड्याभरड्या कापडाच्या व्यापाराची साक्ष देते. जाडेभरडे कापड स्मृतीतून गळाले आणि जर शिल्लक राहिली. बार्थ ज्याला 'मिथक' म्हणतो त्याची घडण अशीच होते : इतिहासातील वस्तूचा इतिहास काढून घेतला जातो आणि तिला सनातन, स्वयंसिद्ध असे रूप येते.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरील हिमरूची कथा याहून बोलकी आहे. रेशीम आणि सूत यांच्या मिश्रणातून विणले जाणारे हे वस्त्र सोन्यारुप्याच्या तारांच्या किनखापाला पर्याय म्हणून रुळले. हिमरू या शब्दाची व्युत्पत्तीही 'सारखे दिसणारे' अशी सांगितली जाते. म्हणजे ज्याला आज आपण अस्सल वारसा म्हणून जपतो, ते वस्त्र मुळात सारखेपणाचे, नकलेचे वस्त्र होते. आज बाजारात यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' मिळते, आणि तिच्याकडे पाहून जाणकार नाक मुरडतात. त्या जाणकारांनी हिमरूचा हा इतिहास आठवावा. एका पिढीची नक्कल दुसऱ्या पिढीचा वारसा होते. मधल्या काळात बदलते ती वस्तू नव्हे, तिच्याकडे पाहणाऱ्यांची सत्ता. पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात अभिरुचीच्या निवाड्यामागे वर्गीय स्थान कसे उभे असते याचे जे विवेचन केले, ते येथे तंतोतंत लागू पडते.

मराठी कवितेत पैठणीला सर्वाधिक लोकप्रियता मिळवून दिली ती शान्ता शेळके यांच्या 'पैठणी' या कवितेने. फडताळातील गाठोड्याच्या तळाशी जपून ठेवलेली आजीची पैठणी, तिला येणारा जुन्या दिवसांचा गंध, तिच्या स्पर्शातून दूरच्या आजीशी जोडले जाणारे नातीचे नाते, असा या कवितेचा अनुभव आहे. वरवर पाहता ही कविता चंगळवादाच्या अगदी विरुद्ध ध्रुवावर आहे. तीत वस्त्र जुने आहे, विकाऊ नाही, आणि त्याचे मूल्य बाजारभावात नसून स्मृतीत आहे. या अर्थाने ती जुन्या वस्त्राची कविता होय, महागड्या वस्त्राची नव्हे. कवितेचे हे यश नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. त्या गाठोड्यात जपलेले वस्त्र विणले कोणी? मागावर बसणाऱ्याचे कित्येक महिने त्या काठपदरात गेलेले असतात. ते कवितेच्या बाहेर राहतात. आत्मनिष्ठ कवितेने सामाजिक इतिहास सांगावा अशी अपेक्षा येथे नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, वस्त्राची स्मृती नेसणारीपाशी सुरू होते असे आपण मानले, की विणणाऱ्याची स्मृती पुसली जाते. आणि नेमक्या या पुसलेल्या जागेवर पुढे बाजार येऊन बसतो.

तो कसा बसला हे २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या झी मराठीवरील कार्यक्रमाने दाखविले. घरातील गृहिणीचा सन्मान म्हणून पैठणी हे त्या कार्यक्रमाचे सूत्र होते. 'आजीची पैठणी' आणि 'जिंकलेली पैठणी' यांमधील अंतर किती, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केला नाही. पुढे २०२२ मध्ये त्याच परंपरेतील 'महामिनिस्टर' या पर्वात अकरा लाख रुपयांची पैठणी बक्षीस म्हणून ठेवण्यात आली. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तीत गृहस्थाची पत प्रकट करण्याचे काम स्त्रीच्या पोशाखावर येऊन पडते, असा महत्त्वाचा मुद्दा होता. येथे त्यात एक भर पडली. अकरा लाखांची पैठणी नेसण्यासाठी नाहीच. ती पाहण्यासाठी आहे, आणि पाहणाऱ्या लाखो घरांना तिची किंमत पाठ आहे. वस्त्र उरले, नेसण संपली. त्याच सुमारास 'गोष्ट एका पैठणीची' या शंतनू रोडे दिग्दर्शित चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सामान्य घरातील स्त्रीची पैठणीची आस हा त्याचा विषय. ही आस आजीच्या गाठोड्यातून आली की पडद्यावरून, हे आता वेगळे काढून दाखविणे अवघड झाले आहे.

३

महागड्या वस्त्राच्या या व्यवहाराला प्रतिकार म्हणून आपण सहजच फाटक्या वस्त्राकडे वळतो. मराठी परंपरेत याची उदाहरणे थोर आहेत. महानुभाव आचारधर्मातील नित्य अटन, भिक्षा आणि अपरिग्रह यांत वस्त्राच्या मोहाला जागा नाही. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) तर लोकांनी त्यांच्या चिंध्यांच्या वेषावरूनच 'गोधडे महाराज' अशी नावे दिली. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. १९२१ मध्ये मदुराई येथे महात्मा गांधींनी पंचा स्वीकारला.

या उदाहरणांना 'साधेपणा' असे एकच नाव देणे म्हणजे त्यांतील भेद पुसून टाकणे होय. फुल्यांचा वेष हा साधेपणा नव्हता. तो युक्तिवाद होता. जरीकाठी आणि रत्नालंकार ल्यालेल्या त्या सभेत देशाचे प्रतिनिधित्व कोण करते, हा प्रश्न त्यांनी वेषातून विचारला. तो वेष त्या सभेत अनपेक्षित होता, म्हणूनच त्याला अर्थ आला. शेतात तोच वेष निव्वळ वेष ठरला असता. चिन्हाचा अर्थ भेदातून जन्मतो, या सोस्यूरच्या सिद्धांताचे याहून चांगले उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

गाडगेबाबांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या या माणसाच्या उपदेशात उघड्यानागड्यांना वस्त्र देणे हे पहिल्या काही कर्तव्यांपैकी एक आहे. म्हणजे चिंधी हा त्यांनी इतरांसाठी आदर्श म्हणून मांडला नाही. लुगडे कमी भावाचे घ्या, पण मुलाला शाळेत घाला, असे ते कीर्तनांतून सांगत. येथे वस्त्रावरील खर्च कमी करावयाचा आहे तो त्यागाच्या गौरवासाठी नव्हे, तर पुस्तकासाठी. त्यागाला त्यांनी हिशेबाची जोड दिली. वैराग्याच्या परंपरेत असा हिशेब दुर्मीळ आहे, आणि चंगळवादाच्या समीक्षेला तोच अधिक उपयोगी आहे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : जीर्ण वस्त्र स्वीकारणाऱ्याने ते स्वीकारले आहे, आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. निवड नसेल तर त्याग नाही. आणि येथेच आपल्या नेहमीच्या द्वंद्वाला पहिला तडा जातो.

४

कारण मराठी समाजात जीर्ण वस्त्राची दुसरीही एक परंपरा आहे आणि ती लादलेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे आणि सेवक शूद्रासाठी जुनी वस्त्रे नेमून दिली आहेत. महारकीच्या हक्कांमध्ये मढ्यावरचे कापड होते. 'हक्क' या शब्दाची इतकी क्रूर योजना मराठीत क्वचितच झाली असेल. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये मुंबईच्या कावाखान्यातील स्त्रिया रस्त्यारस्त्यांतून चिंध्या, कागद, काचा गोळा करून आणतात आणि वेगळ्या करून विकतात. मध्यमवर्गीय वाचकाला जी टाकाऊ वस्तू वाटते, ती तेथे रोजीरोटी आहे. 'जुन्याचा पुनर्वापर' हे आजचे गोंडस शब्द या दृश्यापुढे ठेवून पाहिले, की ते किती अपुरे आहेत हे ध्यानी येते.

मात्र माझ्या प्रतिपादनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आहे. महार स्त्रीने लुगड्याचे काठ दिसू नयेत अशा रीतीने, ते निऱ्यांच्या आत दडवून नेसावे, असा दंडक होता. काठ मिरविणे हा वरिष्ठ जातींच्या स्त्रियांचा अधिकार होता. या नोंदीचे वाचन आपण आजवर बहुधा 'दारिद्र्याचे वर्णन' म्हणून केले आहे. ते चुकीचे आहे असे मला वाटते. येथे दारिद्र्य हा मुद्दाच नाही. लुगड्याला काठ आहे. तो दाखवावयाचा नाही. वस्त्र तेच, पण नेसणीवर जातीचा पहारा आहे. पैठणीचा सारा गौरव ज्या काठपदरात आहे, तोच काठ येथे लपविण्याची वस्तू होतो. किंमत आणि वय या दोन मापांनी वस्त्राचा अर्थ लावणारी समीक्षा या काठापाशी निरुत्तर होते.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण नव्याने वाचावयास हवे. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याची अस्पृश्यतादर्शक पद्धत टाकून देण्यास सांगितले. आणि त्याच भाषणात गळ्यातील हातातील कथलाच्या, चांदीच्या दागिन्यांचे ओझेही उतरविण्यास सांगितले. म्हणजे एकाच वेळी एका गोष्टीचा स्वीकार आणि दुसरीचा त्याग. यांपैकी पहिलीला 'अनुकरण' आणि दुसरीला 'साधेपणा' म्हणून हे भाषण दोन तुकड्यांत वाचले, तर त्याची तर्कसंगती हरवते. लुगडे असे नेसा आणि दागिने उतरवा, या दोन्ही सूचनांचा निकष एकच आहे : जे चिन्ह दास्याची ओळख सांगते ते टाका. नेसण बदलण्यास नवे लुगडे विकत घ्यावे लागत नाही, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. उपभोगाचे प्रमाण वाढले की घटले, हा येथे प्रश्नच नाही. कोणाच्या हुकमावरून नेसावयाचे, हा प्रश्न आहे.

माझ्या मते चंगळवादाच्या प्रतिकाराची मराठीतील सर्वांत नेमकी मीमांसा या भाषणात आहे. ती आपल्याला तेथे दिसली नाही, कारण आपण ती फाटक्या वस्त्रात शोधत होतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. नव्या वस्त्राची आस ही मुक्तीची आस मानली, तर बाजाराला हवे तेच आपण म्हणत नाही काय? आत्मसन्मानाचे मोल भरून घ्यावयास दुकानदार बसलेलाच असतो. या आक्षेपाला उत्तर 'श्यामची आई' (१९३५) मध्ये मिळू शकेल. पैसे साठवून श्याम धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून आणतो, तेव्हा त्या नव्या वस्त्राला चंगळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तो कोट इतरांपासून वेगळे दिसण्यासाठी नाही. भावाला इतर मुलांत मान खाली घालावी लागू नये यासाठी आहे. वेगळेपणाची आस आणि बरोबरीची आस या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाजार दोन्हींना एकच माल विकतो. समीक्षेने तरी त्यांना एकच नाव देऊ नये.

५

जुन्या वस्त्रांच्या व्यवहाराला गेल्या काही वर्षांत शहरी तरुणाईत नवी प्रतिष्ठा आली आहे. वापरलेले कपडे शोधून विकत घेणे, आईच्या साडीचा झगा शिवणे, फाटलेली जीन्स मुद्दाम महाग घेणे, हे सारे एकाच प्रवाहात वाहते आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने यातील काही भाग स्वागतार्ह आहेच. परंतु 'हा प्रतिकार आहे' असे म्हणण्यापूर्वी आपल्याच परंपरेतील दोन व्यवहार आठवावेत.

पहिला, बोहारणीचा. जुन्या साड्या, विजारी देऊन स्टीलचे भांडे घेणे हा मराठी मध्यमवर्गीय स्त्रीच्या काटकसरीचा मानबिंदू होता. घासाघीस करून एक वाटी जास्त मिळविल्याचा आनंद विनोदी लेखनातून पुष्कळदा आला आहे. त्या दारात उभ्या असलेल्या बोहारणीचे पुढे काय होते, ती ते कपडे धुऊन, सांधून कोणाला विकते, हे मात्र त्या लेखनाला पडलेले कोडे नव्हते. काटकसर म्हणून जे मिरविले गेले, ते दुसऱ्या स्त्रीच्या श्रमावर उभे होते. शिवाय या व्यवहारात उपभोग थांबत नाही. साडीचे भांडे होते एवढेच.

दुसरा, गोधडीचा. फाटलेली लुगडी, धोतरे यांचे थर एकमेकांवर घालून स्त्रियांनी घातलेले टाके हा विक्रीबाहेरचा व्यवहार होता. गोधडीत कोणाचे लुगडे कोठे आहे हे घरातील बाई सांगू शकत असे. शान्ता शेळके यांच्या पैठणीत जी स्मृती आहे, तीच गोधडीतही आहे. भेद इतकाच की गोधडीत शिवणारी आणि पांघरणारी एकाच घरात असतात, त्यामुळे श्रम पुसला जात नाही. म्हणून गोधडीला प्रतिकाराचे प्रतीक करण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. गोधडी शिवणारीला दुसरे पांघरूण परवडत नव्हते, हेही तिच्याच टाक्यांत लिहिलेले आहे. आज गोधड्यांची प्रदर्शने भरतात आणि त्या चांगल्या किमतीला जातात, यात शिवणारीला न्याय्य मोबदला मिळत असेल तर आनंदच आहे. पण त्या किमतीत घेणाऱ्याने काय विकत घेतले, पांघरूण की दुसऱ्याच्या दारिद्र्याची शोभा, हे विचारलेच पाहिजे.

आणि नेसण तरी बाजाराच्या तावडीतून सुटली आहे काय? शिवलेली तयार नऊवारी आता दुकानांत मिळते. चढविली की झाले. जे कौशल्य आई लेकीला, सासू सुनेला हाताने शिकवीत असे, ते आकडे-बंदांसह विकत मिळू लागले. एका अर्थी हा लोकशाहीचा विस्तार आहे. ज्या मुलीला ती नेसण कोणी शिकविली नाही, किंवा जिच्या आजीला काठ दाखविण्याची मुभाच नव्हती, तिलाही ती अंगावर घेता येते. दुसऱ्या अर्थी, वस्त्र आणि नेसण यांमधील जे अंतर मी या लेखात मांडले, ते बुजविण्याची ही सुरुवात आहे. या दोन्ही अर्थांपैकी एकाची निवड करणे मला शक्य होत नाही, आणि घाईने ती करू नये असेच मी म्हणेन.

६

या विवेचनातून समीक्षेपुरता काही निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. साहित्यकृतीत वस्त्र येते तेव्हा ते महाग की स्वस्त, नवे की जुने, एवढ्यावर अर्थनिर्णयन थांबू नये. ते कोणी विणले, आधी कोणाच्या अंगावर होते, आणि नेसणाऱ्याला ते नाकारण्याची मुभा होती काय, हे तीन प्रश्न त्याला विचारले पाहिजेत. 'पैठणी' ही कविता पहिल्या प्रश्नाशी गप्प राहते, 'बलुतं' दुसऱ्याशी निगडित आहे, 'जिणं आमुचं' तिसऱ्याचे उत्तर देते. या तीन संहिता एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. एक भावकवितेच्या तासाला वाचली जाते, उरलेल्या दोन दलित साहित्याच्या. अभ्यासक्रमाच्या या विभागणीमुळे काठ मिरविणारी आणि काठ लपविणारी यांची भेटच होत नाही.

चंगळवादाला नकार देण्याचा अधिकार ज्याच्यापाशी काही आहे त्यालाच पोहोचतो, ही गोष्ट कबूल करून मगच नकाराची भाषा बोलावी लागेल. तसे केल्याने बाजारावरील आपली टीका बोथट होणार नाही. उलट अकरा लाखांच्या पैठणीवर टीका करताना, ती महाग आहे एवढेच म्हणून आपण थांबणार नाही. तिला विणणारा दिसत नाही आणि नेसणारीही उरलेली नाही, असे म्हणू शकू. पैठणच्या रस्त्यावरील आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलींपैकी कित्येकींच्या आज्यांनी काठ आत दडवून लुगडी नेसली असतील. त्यांना वस्त्रांविषयीची कविता शिकविताना साधेपणाचा उपदेश करण्यापूर्वी, हा काठ आत का गेला, हे वाचून दाखविण्याची जबाबदारी शिकविणाऱ्यावर आहे.